चौकीवरचं निरभ्र आकाश आणि कार्ल-गुस्ताफ रॉस्बी



मागच्या भागात आपण गिल्बर्ट वॉकर यांच्याबद्दल बोललो. जगभरच्या वेधशाळांचे आकडे कारकुनांकडून हातानं जुळवून घेत त्यांनी पॅसिफिक आणि हिंदी महासागर या दोन बाजूंचा वायुदाब तराजूच्या पारड्यांसारखा खालीवर होतो, हे ओळखलं होतं. तो भाग पाहून इंदूरच्या एका काकूंनी विचारलं, "कर्नलसाहेब, तुम्ही तोफखान्यातले. हवामानाचं हे वेड तुम्हाला कुठून लागलं?"

उत्तर द्यायचं म्हणजे माझी एक चूक सांगावी लागेल. सांगतो.

१९८० च्या दशकातला फेब्रुवारी महिना. मी कॅप्टन होतो. उत्तर काश्मीरमध्ये साडेअकरा हजार फुटांवर पायदळाची एक चौकी होती आणि तिथे मी तोफखान्याचा निरीक्षण अधिकारी म्हणून बसलो होतो. सोबत माझे चार जवान आणि एक वायरलेस सेट. सेटच्या बॅटऱ्या उतरत आल्या होत्या. खालच्या तळावर नव्या बॅटऱ्या येऊन पडल्या होत्या, पायी जाऊन-येऊन एका दिवसाचं काम. त्या सकाळी वायरलेसवर इशारा आला, की पश्चिमी विक्षोभ येतोय, पुढचे अठ्ठेचाळीस तास हालचाल टाळा. मी बंकरच्या बाहेर आलो. आकाश असं निळं, की डोळे दुखावेत. वारा नाही. समोरची शिखरं हातानं शिवता येतील इतकी स्वच्छ.

साताऱ्याकडचे आमचे नायब सुभेदार म्हणाले, "साहेब, उद्यावर ढकलू या. इशारा आलाय." मी म्हणालो, "साहेब, वर बघा की. उद्या पाडला बर्फ तर बॅटऱ्या आठवडाभर मिळायच्या नाहीत." आणि एक लान्स नायक व दोन पोर्टर खाली पाठवले.

दुपारी दोनला पश्चिमेच्या कड्यावर पांढरी रेघ दिसली. चार वाजता समोरची शिखरं नाहीशी झाली. ती तिघं परतीच्या वाटेवर होती. एका कड्याच्या आडोशाला त्यांनी दोन रात्री काढल्या. तिसऱ्या दिवशी पायदळाच्या मुलांनी त्यांना वर आणलं. तिघंही जगले. लान्स नायकाच्या डाव्या पायाची तीन बोटं मात्र हिमदंशानं गेली. चौकशीत मी खरं तेच सांगितलं, मला जे मिळायचं ते मिळालं, आणि ते रास्तच होतं.

पण मनात एक प्रश्न राहून गेला. मी चौकीवर उभा राहून जे बघू शकलो नाही, ते कुठेतरी शेकडो मैलांवर बसलेल्या माणसाला दोन दिवस आधी कसं दिसलं? आणि मी तर तोफखान्यातला. तोफगोळा कित्येक किलोमीटर वर जातो, तिथला वारा जमिनीवरच्या वाऱ्याहून वेगळा असतो, म्हणून आम्ही फुगे सोडून थराथराचा वारा मोजतो, हे मी देवळालीला शिकलो होतो. तरी त्या दिवशी मी डोक्यावरच्या आभाळाच्या तुकड्यावर भरवसा ठेवला.

त्या प्रश्नाचा माग काढत मी ज्या माणसापर्यंत पोचलो, तो स्वीडिश होता, आणि त्यानं हिमालय पाहिला होता की नाही याची मला पर्वा नाही. त्याचं नाव कार्ल-गुस्ताफ रॉस्बी.

जन्म स्टॉकहोमचा, २८ डिसेंबर १८९८. गणित शिकले. १९१९ साली, विशीत, ते नॉर्वेतल्या बर्गनला गेले, विल्हेल्म बियर्कनेस यांच्या हाताखाली. हे ठिकाण आपण नीट समजून घेतलं पाहिजे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडकडून येणाऱ्या हवामानाच्या तारा बंद झाल्या होत्या. नॉर्वेला अन्नाची टंचाई, शेतकऱ्यांना आणि मच्छीमारांना अंदाज हवेत, आणि समुद्राकडून काय येतंय ते सांगणारं कुणी नाही. बियर्कनेस यांनी १९१८ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर निरीक्षकांचं दाट जाळं उभं केलं. त्या दाट आकड्यांतून त्यांच्या मुलांना दिसलं, की थंड आणि उबदार हवा एकमेकींत सहज मिसळत नाही, त्यांच्यात एक सीमा असते आणि पाऊस-वादळ त्या सीमेवर घडतं. त्या सीमेला त्यांनी नाव दिलं 'फ्रंट'. शब्द सरळ युद्धाच्या बातम्यांतून उचललेला. आम्हा फौजी माणसांना तो शब्द परका वाटत नाही, त्याचं कारण हेच.

रॉस्बी तिथे फार काळ टिकले नाहीत. त्यांचा स्वभावच तसा होता. पुढे लाइपझिग, मग परत स्टॉकहोम, तिथल्या हवामान खात्यात नोकरी, १९२३ साली ग्रीनलंडच्या बाजूला बर्फात अडकलेल्या जहाजावरची सफर, आणि १९२५ मध्ये 'लायसेन्शिएट' ही पदवी. डॉक्टरेट त्यांनी कधी केलीच नाही. ज्यांच्या हाताखाली पुढे डॉक्टरांच्या पलटणी तयार झाल्या, ते स्वतः डॉक्टर नव्हते.

१९२६ मध्ये शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले, वॉशिंग्टनच्या हवामान खात्यात. तिथे फिरत्या टाकीत पाणी घालून वातावरणाची नक्कल करण्याचे प्रयोग त्यांनी सुरू केले. खातं जुन्या वळणाचं, बर्गनच्या कल्पनांना तिथे थारा नव्हता. त्यात चार्ल्स लिंडबर्ग १९२७ च्या डिसेंबरात विमानानं मेक्सिकोला निघाले, तेव्हा रॉस्बींनी परस्पर त्यांना अंदाज दिला आणि खातं त्यांच्यावर उखडलं, असं सांगतात. ते बाहेर पडले. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिस ते ओकलंड या हवाई मार्गासाठी त्यांनी एक नमुनेदार हवामान सेवा उभी केली. तिच्या जोरावर १९२८ मध्ये त्यांना एमआयटीत बोलावणं आलं, आणि तिथे त्यांनी हवामानशास्त्राचं शिक्षण नव्यानं उभं केलं. गंमत बघा, ज्या खात्याशी बिनसलं होतं, त्याच खात्यात १९३९ साली ते उपप्रमुख होऊन परतले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. इथे जरा सावकाश जाऊ.

१९३० च्या दशकात दोन गोष्टी घडल्या. एक, फुग्याला छोटा रेडिओ बांधून वरच्या हवेचं तापमान, दाब आणि ओलावा जमिनीवर कळू लागला. दुसरी, अमेरिकेत भीषण दुष्काळ पडला, मातीची वादळं उठली, आणि दोन दिवसांपेक्षा लांबचे अंदाज मिळावेत म्हणून सरकारी पैसा उपलब्ध झाला. एमआयटीत रॉस्बींच्या गटानं पाच-पाच दिवसांच्या सरासरीचे नकाशे काढायला सुरुवात केली. रोजच्या नकाशात जी गर्दी दिसते, ती सरासरीत विरून जाते. मागे उरतं ते मोठं चित्र.

आणि ते चित्र वेगळंच होतं. जमिनीवरच्या नकाशात बंद वर्तुळं दिसतात, इथे एक कमी दाबाचं क्षेत्र, तिथे एक जास्त दाबाचं. वर पाच-सहा किलोमीटरवर मात्र वर्तुळं जवळजवळ नाहीशी होतात. तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा एक अखंड पट्टा दिसतो, पृथ्वीला वेढा घालणारा, आणि तो नदीसारखी वळणं घेत जातो. एका वेढ्यात साधारण चार ते सहा मोठी वळणं. त्यांतली काही सरकतात, काही आठवडाभर एकाच जागी ठाण मांडतात, क्वचित एखादं उलट पश्चिमेकडेही जातं.

का? रॉस्बींनी याचं उत्तर १९३९ साली दिलं, तेही सागरी संशोधनाच्या एका नियतकालिकात.

गणित बाजूला ठेवून सांगतो. समजा तुम्ही उत्तर ध्रुवावर उभे आहात. पृथ्वी फिरते, तिच्याबरोबर तुम्हीही एका दिवसात स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेता. विषुववृत्तावर उभे राहिलात, तर पृथ्वीबरोबर फेरी मारता, पण पायाखालच्या जमिनीवर भोवऱ्यासारखे फिरत नाही. म्हणजे पृथ्वीकडून मिळणारी गिरकी ध्रुवाकडे जास्त, विषुववृत्ताकडे शून्य. हवेलाही ती मिळतेच. आता हवेच्या एका ठोकळ्याचा जमाखर्च मांडा. पृथ्वीची दिलेली गिरकी, अधिक त्याची स्वतःची गिरकी. रॉस्बींनी म्हटलं, ही बेरीज कायम राहते असं धरू. मग काय होईल? ठोकळा काही कारणानं उत्तरेला सरकला. तिथे पृथ्वीचा वाटा वाढला. बेरीज कायम ठेवायची तर त्याची स्वतःची गिरकी घटली पाहिजे, म्हणजे तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, उजवीकडे वळणार. पश्चिमेकडून पूर्वेकडे चाललेला ठोकळा उजवीकडे वळला, की तो पुन्हा दक्षिणेला येतो. आपल्या मूळ रेषेच्या खाली घसरतो. आता उलट हिशेब, तो डावीकडे वळतो आणि परत वर जातो. झाली लाट तयार.

एवढंच. त्यात ओलावा नाही, पाऊस नाही, उष्णता नाही, डोंगर नाहीत. हवेची उंचीसुद्धा नाही, सगळं वातावरण एक पातळ सपाट थर मानलंय. आणि या एवढ्याशा भांडवलावर त्यांनी लाटेच्या वेगाचं सूत्र काढलं. आखूड लाटा वाऱ्याबरोबर पूर्वेकडे वाहत जातात. लाट जितकी लांब, तितकी ती वाऱ्याच्या उलट, पश्चिमेकडे सरकू पाहते. एका ठरावीक लांबीला दोन्ही ओढी सारख्या होतात आणि लाट जागेवर उभी राहते. पंचेचाळीस अंश अक्षांशावर वाऱ्याचा वेग सेकंदाला पंधरा मीटर धरला, तर ही लांबी सहा हजार किलोमीटरच्या आसपास येते. त्याहून लांब लाट मागे जाते. नकाशावर जे दिसत होतं, तेच.

न्यायानं बोलायचं, तर हे गणित अगदी कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. ब्रिटिश गणिती हफ यांच्या १८९० च्या दशकातल्या भरती-ओहोटीच्या समीकरणांमध्ये अशा लाटा लपलेल्या होत्या. पण त्या समीकरणांकडे बघून कुणाला उद्याचं हवामान दिसलं नाही. माझ्या मते रॉस्बींचं मोठेपण नव्या समीकरणात नाही. काय टाकून द्यायचं, हे त्यांना कळलं. आमच्याकडे हल्ल्याच्या आदेशाआधी परिस्थितीचा आढावा घेतात, त्याला 'ॲप्रिसिएशन' म्हणतात. शंभर गोष्टी समोर असतात. चांगला कमांडर त्यातल्या नव्वद बाजूला सारतो, आणि वाईट कमांडर शंभरही कागदावर उतरवतो.

हवामानात शंभरही उतरवण्याचा प्रयत्न आधी एकानं केला होता. लुईस फ्राय रिचर्डसन. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवणारा हा शांतताप्रेमी इंग्रज. त्यानं सगळी समीकरणं घेऊन युरोपच्या एका भागासाठी सहा तासांचा अंदाज हातानं काढला. उत्तर आलं, वायुदाब सहा तासांत १४५ मिलिबारनं बदलेल. प्रत्यक्षात तिथे फारसं काही झालं नव्हतं. १९२२ च्या पुस्तकात त्यानं ते चुकीचं उत्तर प्रामाणिकपणे छापलं. ती समीकरणं वेगवान गुरुत्वलहरींसारख्या नको त्या गोष्टीही पकडत होती, आणि त्या गोंगाटात हवामान बुडून गेलं.

रॉस्बींकडे परत येतो. १९४० च्या सुमारास त्यांनी शिकागो विद्यापीठात हवामानशास्त्राची नवी संस्था उभी केली. आणि युद्ध आलं.

हा भाग मला सगळ्यात जवळचा. अमेरिकेच्या लष्कराला आणि विशेषतः हवाई दलाला हजारो हवामान अधिकारी हवे होते, आणि देशात प्रशिक्षित माणसं मूठभर. रॉस्बींनी विद्यापीठांची समिती बनवली, स्वतः तिचे अध्यक्ष झाले. शिकागो, एमआयटी, कॅलटेक, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस अशा पाच ठिकाणी गणित-भौतिकीची पोरं निवडून साधारण वर्षभरात गणवेशातले हवामानतज्ज्ञ तयार होऊ लागले. सहा-सात हजार! मी स्वतः प्रशिक्षण संस्थेत शिकवलंय. घाईत माणसं तयार करायची म्हणजे बहुधा घोकंपट्टी होते, हे करा, ते करू नका, प्रश्न विचारू नका. रॉस्बींनी घाईतही भौतिकी शिकवायचा आग्रह धरला. परिणाम युद्धानंतर दिसला. त्या गणवेशातल्या पोरांतले कितीतरी जण पुढे याच शास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्यांना आणखी एक कमतरता दिसली. बर्गनचं सगळं शास्त्र थंड प्रदेशाचं होतं, आणि सैन्य लढत होतं पॅसिफिकच्या बेटांवर. म्हणून १९४३ मध्ये पोर्तो रिकोमध्ये उष्ण कटिबंधाच्या हवामानाची एक संस्था सुरू झाली. हर्बर्ट रील तिथेच तयार झाले, ज्यांचं उष्ण कटिबंधाच्या हवामानावरचं पुस्तक पुढे आपल्याकडच्या हवामानवाल्यांच्याही टेबलावर असे.

युद्धानं त्या वरच्या पट्ट्याचा आणखी एक पुरावा दिला, आणि तो महागात पडला. २४ नोव्हेंबर १९४४ रोजी मारियाना बेटांवरून निघालेली बी-२९ विमानं टोकियोवर पोचली. नऊ-दहा किलोमीटर उंचीवर त्यांना ताशी दोनशे किलोमीटरहून वेगवान वारा भेटला. बॉम्ब कुठल्या कुठे पडले. जपानी शास्त्रज्ञ ओइशी यांनी असे वारे १९२० च्या दशकातच फुग्यांनी मोजले होते आणि अहवालही छापला होता. पण तो एस्पेरांतो भाषेत! सगळ्या जगानं वाचावा म्हणून जागतिक भाषेत लिहिला, आणि म्हणूनच तो जवळजवळ कुणी वाचला नाही.

शिकागोत युद्धानंतर याच वाऱ्याचा पाठपुरावा झाला. फिनलंडचे एरिक पाल्मेन आले, नकाशे काढले गेले, आणि १९४७ मध्ये एक निबंध निघाला, मध्य अक्षांशांवरच्या वातावरणाच्या सर्वसाधारण अभिसरणावर. 'जेट स्ट्रीम' हा शब्द तिथून रूढ झाला. या निबंधावर लेखकाचं नाव नाही. 'शिकागो विद्यापीठाच्या हवामान विभागाचे सदस्य' एवढंच आहे. पलटणीनं जिंकलेलं मैदान पलटणीच्या नावावर.

तिथेच डेव्ह फुल्ट्झ यांनी रॉस्बींची जुनी टाकी नव्या रूपात आणली. स्वयंपाकघरातली भांडी धुण्याची ॲल्युमिनियमची परात म्हणा ना. परात फिरत्या चाकावर ठेवायची, कड गरम करायची, मध्य थंड ठेवायचा. कड म्हणजे विषुववृत्त, मध्य म्हणजे ध्रुव. योग्य वेगानं फिरवलं, की परातीतल्या पाण्यात तीच वळणं, तोच जोराचा पट्टा. डोंगर नकोत, समुद्र नको, पाऊस नको. फिरणं आणि उष्णतेचा फरक, बस्स.

आता रॉस्बी कुठे चुकले तेही सांगायला हवं. पश्चिमी वाऱ्यांच्या एकंदर जोराचा एक निर्देशांक त्यांनी वापरला होता, त्यावरून पाच दिवसांचे अंदाज साधतील अशी आशा होती. ती फारशी फळली नाही. जेट स्ट्रीम का तयार होते याचं त्यांचं १९४७ चं स्पष्टीकरणही पुरं पडलं नाही. वळणांमुळे हवेची ढवळाढवळ होऊन वेग सगळीकडे सारखा व्हावा, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्ष मोजमापांतून दिसलं, की या लाटा वेग काढून घेत नाहीत, उलट जोराच्या पट्ट्याला तो पुरवतात. हे दाखवणाऱ्यांत आघाडीवर होते व्हिक्टर स्टार, शिकागोत रॉस्बींच्याच तालमीत वाढलेले. आणि लाटा मुळात वाढतात कशा, थंड-गरम हवेच्या उतारातून शक्ती कशी घेतात, हे तर रॉस्बींच्या सपाट थरात बसणारच नव्हतं. ते १९४७ मध्ये ज्यूल चार्नी यांनी सोडवलं. ते नॉर्वेला जाण्याआधी जवळजवळ वर्षभर शिकागोत रॉस्बींशी रोज वाद घालत होते. वादाला येणारा तरुण हा रॉस्बींचा आवडता माणूस.

चार्नींनीच रिचर्डसनचा गोंगाट गाळण्याची युक्ती काढली, आणि त्यांना यंत्र मिळालं ते एनिॲक. तोफखानावाल्यांनो, कान द्या. एनिॲक हा संगणक अमेरिकन लष्करानं बांधून घेतला होता तो तोफांचे फायरिंग टेबल काढण्यासाठी. १९५० च्या वसंतात मेरीलँडमधल्या ॲबर्डीन इथल्या लष्करी चाचणी केंद्रात चार्नी, जॉन फॉन नॉयमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्यावर हवामानाचा पहिला संगणकी अंदाज काढला. चोवीस तासांचा अंदाज काढायला सुमारे चोवीस तास लागले, म्हणजे हवामान आणि यंत्र जवळजवळ बरोबरीनं पोचले. पण उत्तर हास्यास्पद नव्हतं. आणि त्यात कुठलं समीकरण होतं? रॉस्बींचा तोच गिरकीचा जमाखर्च, एका थराचा.

रॉस्बी तोपर्यंत स्टॉकहोमला परतले होते. तिथे त्यांनी आंतरराष्ट्रीय हवामान संस्था काढली, १९४९ मध्ये 'टेलस' हे नियतकालिक सुरू केलं, आणि १९५४ साली स्वीडननं संगणकी अंदाज रोजच्या कामात आणले. अमेरिकेच्या आधी. मग हा माणूस पुन्हा वेगळ्या वाटेला लागला. पावसाच्या पाण्यात काय काय विरघळलंय, हवेतला कार्बन डायऑक्साइड किती, याची मोजणी त्यांनी सुरू करून दिली. त्यांचे शिष्य बर्ट बोलिन १९८८ मध्ये आयपीसीसीचे पहिले अध्यक्ष झाले. डिसेंबर १९५६ मध्ये 'टाइम'च्या मुखपृष्ठावर रॉस्बींचं चित्र झळकलं. १९ ऑगस्ट १९५७ रोजी हृदयविकारानं ते गेले. वय अठ्ठावन्न.

आता हे सगळं आपल्या डोंगरांपर्यंत कसं येतं?

हिवाळ्यात पश्चिमी जेट स्ट्रीमची एक मोठी शाखा हिमालयाच्या दक्षिणेकडून, म्हणजे आपल्या उत्तर भारतावरून वाहते. भूमध्य समुद्र, कॅस्पियन या बाजूंनी आलेली छोटी वळणं तिच्यावर स्वार होऊन येतात. हेच पश्चिमी विक्षोभ. रॉस्बींच्या भाषेत ही आखूड वळणं, म्हणून ती थांबत नाहीत, पूर्वेला सरकत राहतात. आज वळणाची खोलगट बाजू इराणवर असेल, तर दोन-अडीच दिवसांत ती काश्मीरवर. आणि खोलगट बाजू येण्याआधी आकाश पुष्कळदा स्वच्छ असतं, कारण मधल्या वेळेत वळणाची उंच बाजू डोक्यावरून जात असते, तिथे हवा खाली उतरते आणि ढग विरतात. मला त्या सकाळी जे निळं आकाश दिसलं, ते येणाऱ्या वादळाच्याच लाटेचा पुढचा भाग होतं. मी ते वादळ नसल्याची खूण समजलो.

उन्हाळ्याच्या शेवटी हीच शाखा हिमालय ओलांडून तिबेटच्या उत्तरेला जाते आणि मान्सूनला वाट मोकळी होते. एम. टी. यिन यांनी १९४९ मध्ये भारत आणि ब्रह्मदेशावरच्या मान्सूनच्या आगमनाशी या सरकण्याचा संबंध दाखवला. शिकागोत रॉस्बींकडे डॉक्टरेट केलेले ये दुचेंग १९५० मध्ये चीनला परतले आणि तिबेटचं पठार हवेवर काय परिणाम करतं, याच्या मागे लागले. १९५७-५८ मध्ये 'टेलस'मध्ये पूर्व आशियाच्या अभिसरणावर चिनी गटाचे निबंध आले, तेही कुणा एकाच्या नावानं नाही, 'सदस्य' या सहीनं. शिकागोची रीत पेकिंगला पोचली होती. आणि १९५८ मध्ये त्याच 'टेलस'मध्ये आपल्या पी. कोटेश्वरम यांचा निबंध छापून आला, मान्सूनच्या काळात दक्षिण भारतावर चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे धावणाऱ्या जेट स्ट्रीमवरचा. पुढे ते भारतीय हवामान खात्याचे महासंचालक झाले. चेन्नईला राहणाऱ्या मंडळींनो, जुलैत तुमच्या डोक्यावरून हा वारा रोज जातो.

कोटेश्वरम यांचा निबंध छापून आला तेव्हा रॉस्बी हयात नव्हते. भारतात आणि चीनमध्ये, पुढे एकमेकांवर बंदुका रोखणार असलेल्या दोन देशांत, तिबेटच्या त्याच आभाळाचं गणित मांडलं जात होतं, आणि दोघांचे निबंध एका स्वीडिश नियतकालिकात शेजारी येत होते. चार वर्षांनी काय झालं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

तो लान्स नायक हवालदार होऊन निवृत्त झाला. आता गावी शेती बघतो. जानेवारी-फेब्रुवारीत त्याचा फोन येतो, डाव्या पायाला थंडी आधी कळते म्हणतो. मी त्याला फोनवरच्या नकाशात इराणवर काय आहे ते सांगतो आणि तो मला त्याच्या हरभऱ्याचं सांगतो. गेल्या वर्षी मी त्याला ही रॉस्बींची सगळी गोष्ट ऐकवली. शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "साहेब, आमच्या नायब सुभेदार साहेबांना हे सगळं न शिकता कसं कळलं होतं?"

पुढच्या भागात एडवर्ड लोरेन्झ. तेही युद्धातच हवामान अधिकारी म्हणून तयार झालेले, आणि दोन आठवड्यांपलीकडचा अंदाज का फसतो, हे त्यांच्याकडून ऐकायचं आहे. भेटू या.